झेंड्याला केलेला सॅल्यूट आणि निवेदनावरची सही

पत्राचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातील एका वाचकांचे हे पत्र आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव, गाव आणि पलटण यांचा उल्लेख वगळला आहे. ते १९९४ मध्ये सैन्यात भरती झाले, 'ऑपरेशन पराक्रम'च्या (२००१-०२ मध्ये पाकिस्तान सीमेवर झालेल्या सैन्याच्या जमवाजमवीच्या) काळात अनेक महिने पश्चिम सीमेवर राहिले आणि २४ वर्षांच्या सेवेनंतर २०१८ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांचा पुतण्या सध्या अग्निवीर म्हणून, म्हणजे अग्निपथ योजनेखाली चार वर्षांसाठी भरती झालेला जवान म्हणून, सेवेत आहे. गावातील माजी सैनिक संघटनेच्या बैठकीत त्यांनी अग्निपथ योजनेतील दोन तरतुदी (चार वर्षांनी परतणाऱ्यांना निवृत्तिवेतन नसणे आणि कर्तव्यावर मृत्यू आल्यास कुटुंबाला कौटुंबिक निवृत्तिवेतन नसणे) बदलण्याची मागणी करणारे निवेदन पाठवावे, असे सुचवले. संघटनेचे अध्यक्ष त्यांच्याच पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार साहेब आहेत. "ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याच विरुद्ध सही करणार का?" असे त्यांनी सर्वांसमोर विचारले. त्याच रात्री संघटनेच्या व्हॉट्सअॅप गटावर कोणीतरी यांच्यासाठी 'देशद्रोही' हा शब्द वापरला आणि कोणीही त्याला हरकत घेतली नाही. थोरले भाऊ, म्हणजे अग्निवीराचे वडील, "तुझ्यामुळे पोराचे नुकसान होईल" म्हणून घाबरले आहेत. पत्राच्या शेवटी ते लिहितात, "१५ ऑगस्टला शाळेत झेंडावंदनाला गेलो, पण प्रथमच मागच्या रांगेत उभा राहिलो. सरकारचा निर्णय पटत नाही म्हणजे माझे देशप्रेम कमी झाले का? मी गप्प बसावे का?"

हवालदार साहेब,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्या मागच्या रांगेपाशी थांबलो. तुम्हाला कोणी मागे जायला सांगितले नव्हते. चोवीस वर्षे ज्या झेंड्यासमोर तुम्ही ताठ उभे राहिलात, त्याच्यासमोर एका रात्रीतल्या एका शब्दाने तुम्हाला आपली जागा बदलावीशी वाटली, याचे मला फार वाईट वाटले. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी आधीच देऊन टाकतो. तुमचे देशप्रेम कमी झालेले नाही आणि तुम्ही गप्प बसू नये. मात्र कसे बोलावे, कोणाशी बोलावे आणि आपले म्हणणे किती तपासून घ्यावे, याबद्दल मला पुष्कळ सांगायचे आहे, आणि त्यातले काही कदाचित तुम्हालाही टोचेल.

प्रथम सुभेदार साहेबांच्या प्रश्नाकडे पाहू, कारण तो प्रश्न हलका नाही आणि तो त्यांनी दुष्टाव्याने विचारला आहे, असेही मला वाटत नाही. 'नाम, नमक, निशान' हे शब्द तुम्हा दोघांच्या अंगात मुरलेले आहेत. नाम पलटणीचे, निशान म्हणजे ध्वज, आणि नमक कोणाचे? सुभेदार साहेबांनी ते सरकारचे मानले. तुमच्या सेवेची वर्षे मी मोजून पाहिली. १९९४ ते २०१८ या काळात नरसिंह राव, वाजपेयी, देवेगौडा, गुजराल, मनमोहन सिंग आणि मोदी असे सहा पंतप्रधान झाले. त्यांचे पक्ष वेगळे होते, धोरणे वेगळी होती, आणि त्यांतले काही एकमेकांचे कडवे विरोधक होते. तरीही सत्ताबदलाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची परेड वेगळी झाली नाही. तुमचा पगार ज्या भारताच्या संचित निधीतून येत होता, त्यात करदात्यांचा पैसा होता आणि तो खर्च करायला संसदेची मंजुरी लागत होती. तुमच्या गावातला जो शेतकरी खताच्या पोत्यावर कर भरतो, त्याचेही मीठ त्यात होते. सरकार त्या मिठाचे वाटप करते, आणि ते काम मोठे व जबाबदारीचे आहे, पण मीठ देशाचे आहे. ज्या मुलांच्या भवितव्याबद्दल तुम्ही बैठकीत बोललात, ती मुलेही त्या देशातलीच आहेत.

तुमची कसम परेड आठवा. भरती झालेला जवान जी शपथ घेतो, तिचा आशय असा आहे की, कायद्याने स्थापित झालेल्या भारताच्या संविधानाशी मी खरी निष्ठा बाळगेन, जमिनीवरून, समुद्रावरून किंवा हवेतून जिथे पाठवले जाईल तिथे जाईन, आणि राष्ट्रपतींची व माझ्या वरिष्ठांची आज्ञा प्राणावर बेतले तरी पाळेन. निष्ठा संविधानाशी सांगितली आहे आणि आज्ञापालन सेवेत असेपर्यंतचे आहे. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, म्हणून गणवेशात असताना निवडून आलेल्या सरकारची आज्ञा पाळणे हे तुमचे कर्तव्यच होते आणि ते तुम्ही पार पाडले. संविधानाच्या अनुच्छेद ३३ नुसार सैन्यातील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते, आणि त्या मर्यादेत तुम्ही आयुष्याचा उमेदीचा काळ काढलात. निवृत्तीच्या दिवशी ती मर्यादा संपली. सेवेतील गोपनीय माहिती आजही बाहेर सांगता येणार नाही, परंतु एखाद्या धोरणाबद्दल मत मांडण्याचा जो हक्क कोणत्याही नागरिकाला आहे, तो आता तुम्हालाही पुरेपूर आहे. नागरिकांची मूलभूत कर्तव्ये संविधानात आली ती १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असताना. त्या यादीत संविधान आहे, राष्ट्रध्वज आहे, राष्ट्रगीत आहे, देशाचे रक्षण आहे, जिज्ञासा आणि सुधारणावादही आहे. सरकारशी सहमत राहण्याचे कर्तव्य मात्र त्या यादीत त्या काळातही घातले गेले नाही.

आता त्या शब्दाबद्दल. आपल्या भाषेत 'राजद्रोह' आणि 'देशद्रोह' असे दोन शब्द आहेत आणि आपण ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. इंग्रजांच्या ज्या कलमाखाली लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवण्यात आले, ते कलम राजद्रोहाचे होते. प्रस्थापित सरकारबद्दल अप्रीती निर्माण करणे हा त्यातला गुन्हा होता. टिळकांनी देशाचा द्रोह केला, असे तो खटला चालवणाऱ्यांनाही म्हणता आले नसते. स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी नसेल, तर सरकारच्या निर्णयांवरची कडक टीकाही राजद्रोह ठरत नाही. म्हणजे तुमच्या निवेदनाला कायद्याच्या लेखी राजद्रोहसुद्धा म्हणता येणार नाही, मग देशद्रोह तर दूरच राहिला. अर्थात टिळकांचे उदाहरण देताना एक भान ठेवले पाहिजे. ते सरकार परके होते आणि आजचे सरकार मतदारांनी निवडलेले आहे. म्हणून आजच्या मतभेदात एक जादा जबाबदारी येते. आपले म्हणणे मांडल्यानंतरही अंतिम निर्णय घेण्याचा अधिकार निवडून आलेल्यांचा आहे, हे मनापासून मान्य करावे लागते.

ही जबाबदारी कशी पाळावी, याचे उदाहरण तुमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात सापडते. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात हे १९५७ ते १९६१ या काळात पूर्व विभागाचे सेनाप्रमुख होते. चीनकडून ईशान्य सीमेवर हल्ला झाला, तर आपले अपुरे सैन्य तो थोपवू शकणार नाही, असे त्यांचे स्पष्ट मत होते. १९५९ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी तसा लेखी अहवाल वर पाठवला आणि १९६० च्या मार्चमध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा युद्धसराव घेऊन आपले म्हणणे वरिष्ठांपुढे मांडले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ते पटले नाही. थोरातांना विनाकारण घबराट पसरवणारा माणूस समजले गेले. १९६१ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये युद्ध सुरू झाले. पराभवानंतर पंतप्रधान नेहरूंनी त्यांना बोलावून घेतले. गणवेशात असेपर्यंत थोरातांनी आपला मतभेद ठरलेल्या मार्गानेच वर पोहोचवला, आणि मत डावलले गेल्यावरही नेमून दिलेले काम चालू ठेवले. त्यांचे देशप्रेम मोजायला कोणी बसले असते, तर त्या अहवालाचे वजन त्यांना ब्रह्मदेशच्या लढाईत मिळालेल्या शौर्यपदकापेक्षा कमी भरले नसते, असे मला वाटते.

पण थोरात बरोबर ठरले, म्हणून प्रत्येक मतभेद बरोबर ठरतो, असे नाही. इथे मी तुम्हाला थोडे अवघड प्रश्न विचारणार आहे. तुमचा विरोध संपूर्ण योजनेला आहे की दोन तरतुदींना? तुमच्या पत्रात दोन्ही सूर आहेत. एका परिच्छेदात तुम्ही नेमक्या दोन बदलांची मागणी करता आणि पुढच्याच परिच्छेदात "सैन्याचे वाटोळे केले" असे लिहिता. पहिले वाक्य वाचून माणूस विचार करू लागतो. दुसरे वाक्य वाचून तो बाजू घेऊ लागतो, आणि सुभेदार साहेबांनी नेमके तेच केले असावे.

योजनेमागची सरकारची बाजू तुम्ही एकदा शांतपणे कागदावर उतरवून पाहा, आणि ती अशी उतरवा की सुभेदार साहेबांनी वाचली तर "हो, हेच आमचे म्हणणे" असे म्हणावे. २०२२ च्या जूनमध्ये योजना जाहीर झाली, तेव्हा सैन्याचे सरासरी वय ३२ वरून सुमारे २६ पर्यंत खाली आणणे, हा एक प्रमुख हेतू सांगितला गेला. उंच पर्वतांवरील लढाईत तरुण शरीराचे महत्त्व काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. चार वर्षांनी २५ टक्के मुलांना कायम केले जाईल, बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा करमुक्त सेवानिधी मिळेल, केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी राखीव जागा असतील, अशी त्याची रचना होती. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने योजना वैध ठरवली आणि त्या निकालाविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळल्या. म्हणून "योजना बेकायदा आहे" असे तुमच्या निवेदनात कुठेही येऊ देऊ नका. पण वैध असणे आणि योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यायालय पहिली तपासते आणि दुसरीवर चर्चा करणे हे नागरिकांचे व संसदेचे काम आहे.

आता तुमच्या बाजूचे. शंभरातली पंचाहत्तर मुले एकविशी ते पंचविशीत परत येणार, त्यांना निवृत्तिवेतन नसणार, आणि जिथे पहाटे चार वाजता डांबरी रस्त्यावर भरतीची पोरे धावताना दिसतात, अशा तुमच्या भागात त्यांची संख्या मोठी असणार, ही तुमची चिंता खरी आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील एका अग्निवीराचा सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना मृत्यू झाला, त्याचाही तुम्ही उल्लेख केला आहे. त्या प्रसंगी "कुटुंबाला काहीच मिळणार नाही" अशी बातमी पसरली होती आणि तुमच्या पत्रातही तसेच लिहिले आहे. ते खरे नाही. ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, सेवानिधीतील रक्कम आणि उरलेल्या काळाचे वेतन अशा तरतुदी आहेत, आणि तसा खुलासा सैन्याने त्या वेळी केला होता. नियमित जवानाच्या कुटुंबाला दरमहा मिळणारे कौटुंबिक निवृत्तिवेतन मात्र त्यात नाही. या बाबतीत तुमचा आक्षेप एवढाच आहे आणि तो एवढाच मांडला तरी पुरेसा भारदस्त आहे. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने २०२४ मध्ये अशीच शिफारस केली की, कर्तव्यावर मृत्यू आलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला नियमित जवानाच्या कुटुंबासारखेच लाभ मिळावेत. त्या समितीत सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाजूंचे खासदार असतात. तुम्ही गावच्या बैठकीत जे बोललात, ते संसदेच्या समितीने कागदावर मांडले आहे, हे सुभेदार साहेबांना ठाऊक असेलच असे नाही.

निवेदनाने काय होणार, असे तुम्ही एका ठिकाणी उद्वेगाने विचारले आहे. तुमच्या संघटनेतील अनेकांच्या पेन्शनमध्ये त्याचे उत्तर आहे. 'समान पद, समान निवृत्तिवेतन' ही मागणी माजी सैनिकांनी वर्षानुवर्षे लावून धरली. राज्यसभेच्या याचिका समितीकडे तो विषय गेला आणि भगतसिंह कोश्यारी अध्यक्ष असताना, २०११ च्या डिसेंबरमध्ये, त्या समितीने मागणीच्या बाजूने अहवाल दिला. हेच कोश्यारी पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल झाले. २०१५ च्या जूनपासून माजी सैनिक दिल्लीत जंतरमंतरवर बसले आणि त्या वर्षी ५ सप्टेंबरला सरकारने योजना जाहीर केली. त्यातील सगळ्या मागण्या मान्य झाल्या नाहीत आणि त्यावरचा वाद पुढे न्यायालयातही गेला. पण छातीवर पदके लावून सरकारशी मतभेद सांगणाऱ्या त्या वृद्ध सुभेदारांना आणि कर्नलांना तुमच्या गावात तेव्हा कोणी देशद्रोही म्हटले होते का? सुभेदार साहेबांना हा प्रश्न जरूर विचारा, पण चारचौघांत विचारू नका.

तुमच्या पत्रात न लिहिलेली एक गोष्ट मला जाणवली, तीही सांगतो. देशप्रेम कमी झाले का, असे तुम्ही विचारता, पण तुम्हाला झोप लागत नाही ती त्यामुळे नाही. ज्या माणसाच्या हाताखाली तुम्ही घडलात, त्याच्या नजरेतून आपण उतरलो, असे तुम्हाला वाटते आहे. हे दुःख खरे आहे आणि ते कोणत्याही अनुच्छेदाने भरून येणारे नाही. त्याला उपाय एकच, तो म्हणजे त्यांच्या घरी जाणे. व्हॉट्सअॅप गटावर उत्तर देऊ नका. ज्याने तो शब्द लिहिला, त्याच्याशी तिथे वाद घालू नका आणि आपली सेवापदकांची छायाचित्रेही तिथे टाकू नका, कारण आपली निष्ठा सिद्ध करायला निघालेला माणूस ती संशयास्पद आहे हे आधीच कबूल करून बसतो. पुढच्या बैठकीत मात्र एकदा, शांतपणे आणि उभे राहून, "तो शब्द मला लागला, आणि तो मागे घेतला जावा अशी माझी विनंती आहे" एवढे म्हणा आणि खाली बसा.

थोरल्या भावांची भीती वेगळ्या प्रकारची आहे आणि तिला माझ्या मनात मान आहे. तुमचा पुतण्या आज सैन्याच्या कायद्याखाली आहे, तुम्ही नाही. म्हणून या सगळ्यापासून त्याला पूर्ण बाजूला ठेवणे ही तुमची जबाबदारी आहे. निवेदनात त्याचे नाव, पलटण, नेमणुकीचे ठिकाण किंवा वेतनाची पावती यांचा उल्लेख नको. त्याच्या तोंडचे एकही वाक्य नको. फोनवर त्याचे मत विचारू नका आणि त्याने आपणहून सांगितले तरी ते चारचौघांत बोलू नका. काकाने खासदारांना पत्र लिहिले म्हणून पुतण्यावर गदा यावी, असा कोणताही नियम नाही, हे भावांना सांगा. पण भीती नियमाने जात नसते, म्हणून निवेदनाचा मसुदा सर्वांत आधी त्यांनाच वाचायला द्या. त्यांना त्यातले एखादे वाक्य नको असेल, तर ते काढून टाका. तेवढ्याने तुमची बाजू दुबळी होणार नाही.

मसुदा एका पानाचा असावा. सुरुवातीला तुमची सेवा दोन ओळींत, मग योजनेचा हेतू तुम्हाला समजतो हे सांगणारे एक प्रामाणिक वाक्य, मग दोन मागण्या आणि प्रत्येकीचे कारण. तरतुदी बदलत असतात, म्हणून लिहिण्याच्या दिवशी लागू असलेले आकडे सरकारी परिपत्रकावरून घ्या, फॉरवर्ड झालेल्या संदेशावरून घेऊ नका. धोरणाबद्दल एखादी माहिती हवी असेल, तर माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून मराठीतही अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर अपेक्षित असते. मात्र सुरक्षेशी संबंधित तपशील मागू नका, ते मिळणार नाहीत आणि मागणेही योग्य नाही. निवेदन तुमच्या खासदारांना, संरक्षण मंत्रालयाला आणि माहितीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला द्या, पोच घ्या. संसदेच्या याचिका समितीचा मार्ग नंतरही खुला आहे. ते देताना पलटणीची टोपी किंवा चिन्ह लावून जाऊ नका. संघटनेने सही केली नाही, तर संघटनेचे नाव न वापरता नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने पाठवा. आणि एखाद्या पक्षाचा कार्यकर्ता "चला, आमच्या व्यासपीठावर बोला" म्हणत आला, तर या विषयापुरते नम्रपणे नाही म्हणा. पक्षात जाण्याचा हक्क तुम्हाला आहेच, पण त्या क्षणापासून तुमची मागणी माजी सैनिकाची न राहता त्या पक्षाची होईल.

हे सदर वाचणाऱ्यांत काही जण अजून सरकारी सेवेत असतील. त्यांना तुमच्याइतकी मोकळीक नाही. वर्तणूक नियम सरकारी कर्मचाऱ्याला सरकारी धोरणावर जाहीर टीका करण्यापासून रोखतात, म्हणून त्यांनी मान्यताप्राप्त संघटनेमार्फत किंवा वरिष्ठांकडे लेखी म्हणणे मांडावे, आणि मतपेटीपुढे तर तेही सर्वांसारखेच मोकळे आहेत. परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांकडूनही मला असाच प्रश्न येतो. तिथे देशावर टीका ऐकली की बचाव करावासा वाटतो आणि घरी फोनवर तीच टीका आपण स्वतः करतो, याची त्यांना लाज वाटते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त दोन्हीकडे बोललेले एकाच वजनाचे आणि तितकेच खरे असावे.

तुम्ही मात्र या आठवड्यात एवढे करा. मसुदा भावांनी वाचला की तो घेऊन सुभेदार साहेबांकडे जा, पूर्वी जात होता तसेच. त्यांच्याकडे सही मागू नका. "साहेब, यातले आकडे एकदा तपासून द्या, आणि सरकारची बाजू मी नीट लिहिली आहे का ते पाहा," असे म्हणा आणि कागद त्यांच्या हातात द्या. ते कदाचित लाल शाईने अर्धे पान खोडतील. खोडू द्या, आणि ते का खोडले हे ऐकून घ्या. येत्या २६ जानेवारीला झेंडावंदनाला गेलात की पहिल्या रांगेत, तुमच्या नेहमीच्या जागी उभे राहा.